अण्णांचं वेळापत्रक

गेले तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर रशिया पसरलेला आहे. एक शालेय ॲटलास, दोन वह्या, एक भिंग, पासपोर्टची झेरॉक्स आणि अण्णांची १९८४ सालची डायरी. कामाला येणाऱ्या मावशींनी परवा विचारलं, "काकू, टेबल पुसायचंय, हे उचलू का?" म्हटलं, "ताटापुरती जागा पूस, बाकी राहू दे." त्यामुळे सध्या मी मॉस्कोच्या शेजारी बसून जेवते आणि लोणच्याची बरणी व्लादिवोस्तोकला असते.

घरी येणारे विचारतात, "काय, कुठे निघालात?" सांगितलं की आधी हसतात, आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात.

आमचे चिरंजीव मात्र हसले नाहीत. फोनवर म्हणाले, "आई, तुला परदेशच बघायचाय ना? स्वित्झर्लंड कर, जपान कर. ग्रुपबरोबर जा, रोज वरण-भात मिळेल. पंचाहत्तराव्या वर्षी रशियाच का? तिथे युद्ध चालू आहे. आपली कार्डं तिथे चालत नाहीत. आणि रशियातही सायबेरिया! अगं, तिथे लोकांना शिक्षा म्हणून पाठवायचे!"

शेवटचं वाक्य इतिहासाच्या दृष्टीने अचूक आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. उत्तर बरोबर असलं की गुण द्यावेच लागतात, ते दिले. पण 'रशियाच का?' या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. म्हणून इथे लिहायला बसले आहे. तो वाचेलच.

माझे वडील, म्हणजे अण्णा, मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. मिरजेचं तेव्हाचं वैशिष्ट्य म्हणजे तिथे वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येत. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे येणारी बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरो गेज, पुण्याहून बेळगावकडे जाणारी मीटर गेज, आणि पुढे १९७१ च्या सुमारास पुणे-कोल्हापूर मार्गावर साडेपाच फुटी ब्रॉड गेजही आली. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालत नाही. मग काय, एका गाडीतला माल उतरवा आणि दुसरीत चढवा! अण्णांची सगळी नोकरी पोती मोजण्यात गेली. या गाडीतून किती उतरली, त्या गाडीत किती चढली, आणि मधल्या मध्ये किती फाटली.

त्यामुळेच की काय, अण्णा जगातल्या प्रत्येक देशाकडे रुळांच्या मापाने बघत. पारावर कोणी म्हणालं, "रशिया म्हणजे कम्युनिझम," की अण्णा म्हणत, "रशिया म्हणजे पाच फूट." पाच फूट रुंदीचे सलग रूळ मॉस्कोपासून निघतात ते थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर व्लादिवोस्तोकला पोचतात. ९,२८८ किलोमीटर! आणि वाटेत कुठेही पोतं उतरवावं लागत नाही. याचं त्यांना जे अप्रूप होतं, ते बाकी कशाचंच नव्हतं.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. आम्ही दोघी बहिणींनी ती इतक्या वेळा ऐकली की राजा-राणीच्या गोष्टींच्या जागी आमच्याकडे हीच होती. हा मार्ग बांधायला १८९१ मध्ये सुरुवात झाली. पण मध्ये आडवं आलं बैकल सरोवर. दोन्ही काठांपर्यंत रूळ आले, आणि मध्ये पाणी. मग इंग्लंडमध्ये एक बर्फफोडी बोट बनवली, तिचे भाग सुटे करून तिथवर नेले, पुन्हा जोडले, आणि त्या बोटीतून आगगाडीचे डबे पलीकडे नेऊ लागले. १९०४ च्या हिवाळ्यात जपानशी युद्ध पेटलं. सैन्य पलीकडे पोचवायची घाई, आणि बर्फ इतका जाड की बोट चालेना. तेव्हा त्यांनी चक्क गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकले आणि घोडे लावून डबे ओढून नेले! इथे अण्णा थांबायचे आणि म्हणायचे, "बघा. आणि इथे आमचे साहेब म्हणतात, पावसामुळे पोती हलवता आली नाहीत."

आमच्या पिढीच्या बऱ्याच घरांत रशिया कागदाच्या रूपाने होता. 'सोव्हिएत देश'चा गुळगुळीत कागद शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला सगळ्यांत उत्तम. माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी एक गोबऱ्या गालांची बाई वर्षभर होती. रशियन पुस्तकं स्वस्त मिळत. त्यातलंच अर्कादी गैदारचं 'चुक आणि गेक' अण्णांकडे इंग्रजीत होतं, आणि ते आम्हाला मराठी करून सांगत. मॉस्कोत राहणारे दोन भाऊ आईबरोबर आगगाडीने दूर सायबेरियात बाबांना भेटायला निघतात. निघण्याआधी बाबांची तार येते, पण भांडणात ती या दोघांच्या हातून जाते आणि मार बसेल म्हणून ते आईला सांगतच नाहीत. तार लपवणं म्हणजे काय, हे मला त्या गोष्टीतून कळलं. पुढे माझ्यावरही ती वेळ आली. ते सांगतेच.

दुसरं पुस्तक अण्णाभाऊ साठ्यांचं 'माझा रशियाचा प्रवास'. अण्णाभाऊ वाटेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. शाळेत दीड दिवस गेलेला आणि लहानपणी वाटेगावहून पायी मुंबईला आलेला हा माणूस १९६१ मध्ये विमानाने मॉस्कोला जाऊन आला. अण्णांना त्याचा अभिमान इतका की जणू आमच्या घरातलंच कोणी जाऊन आलं. "एक अण्णा जाऊन आला, आता दुसऱ्याचा नंबर," असं म्हणायचे. पुढे मी त्यांना सांगितलं की रशियात 'आन्ना' हे बाईचं नाव असतं. तेव्हा अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग जाताना ही उतरवावी लागेल!"

अण्णांचा नंबर लागला नाही. मालधक्क्यावरच्या क्लार्कचा पगार आणि दोन मुलींची लग्नं, यात रशिया बसत नव्हता. नंबर लागला तो माझा.

१९८४ ची गोष्ट. मी तेव्हा कराडला होते. शिक्षकांच्या एका संघटनेतर्फे सोव्हिएत युनियनला जाणाऱ्या गटात माझं नाव आलं. तीन आठवडे. मॉस्को, लेनिनग्राड, ताश्कंद. मी अण्णांना पत्र टाकलं. आणि त्याच आठवड्यात आमच्या दोन वर्षांच्या बाळाला गोवर आला. हे म्हणाले, "तू जा, जाईपर्यंत बरा होईल तो, मी रजा टाकतो." सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. कोणीच नाही म्हटलं नाही. नाही मीच म्हटलं. संघटनेला नकाराचं पत्र टाकलं आणि अण्णांना मात्र कळवलं नाही.

चार दिवसांनी अण्णा एसटीने कराडला आले. खांद्याला पिशवी, पिशवीत डायरी. दारातूनच म्हणाले, "वेळापत्रक केलंय तुझं." मग मला सांगावंच लागलं. अण्णा काही बोलले नाहीत. बाळाच्या कपाळाला हात लावून बघितला. चहा घेतला. रात्री राहिले. सकाळी पिशवी खांद्याला लावून गेले. डायरी पिशवीतच राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी अण्णा गेले. त्या दोन वर्षांत त्यांनी रशियाचं नाव काढलं नाही आणि मीही नाही.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती डायरी सापडली. गेली कित्येक वर्षं ती माझ्या कपाटात होती. वाचायला मात्र मी हे गेल्यानंतर काढली, घरात एकटी असताना.

निळ्या शाईत, मालधक्क्याच्या रजिस्टरसारख्या उभ्या ओळी आखून, मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची स्टेशनं लिहिलेली आहेत. पुढे किलोमीटर. त्यापुढे 'शेरा'. पेर्म: कामा नदी. नोवोसिबिर्स्क: ओब नदी, पूल मोठा. क्रास्नोयार्स्क: येनिसेई. आणि स्ल्युद्यांका या स्टेशनापुढे लिहिलं आहे, 'येथून बैकल दिसेल. डाव्या बाजूची खिडकी धर.'

एसटीत बसवून देताना सांगावं, तसं.

गंमत अशी की त्या वेळापत्रकाचा मला काडीचाही उपयोग झाला नसता. आमचा गट सगळीकडे विमानानेच फिरणार होता. आणि व्लादिवोस्तोक तर तेव्हा परदेशी माणसांना बंदच होतं, ते १९९२ मध्ये खुलं झालं. अण्णांनी माझ्या पत्रातला कार्यक्रम वाचला होता. मॉस्को-लेनिनग्राड-ताश्कंद हे त्यांना माहीत होतं. तरीही त्यांनी आखलं ते व्लादिवोस्तोकपर्यंतचं. असो.

तर, रशियाच का, याचं उत्तर हे आहे.

आता तयारीबद्दल. मोठ्या देशाची सहल आखताना मला पहिली गोष्ट ही कळली की, तो देश बघता येत नाही. रशियाचं क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पाचपटीहून जास्त. वर्गात मी हे फळ्यावर लिहायची आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. वाक्य संपलं, धडा संपला. (भिंतीवरच्या सपाट नकाशात तो आहे त्याहूनही मोठा दिसतो, पृथ्वीगोल बघा, हेही सांगायची.) पण ते अंतर ताटाशेजारी ठेवून दिवस मोजायला बसलं की कळतं. अकरा प्रमाणवेळा आहेत त्या देशात. आणि माणसं चौदा कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती, त्यावरून कल्पना करा.

एका ट्रॅव्हल कंपनीत गेले. तिथल्या मुलीने हसून माहितीपत्रक दिलं. सात रात्री, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग, भारतीय जेवणासह. मी विचारलं, "बैकल?" ती म्हणाली, "मॅडम, तिकडे कोणी जात नाही." म्हटलं, "तिकडे आगगाडी जाते." तिने आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि येऊन सांगितलं की, तुमच्या वयाला आम्ही ते सुचवणार नाही. शेवटी मुंबईचा एक एजंट मिळाला. त्याने वय विचारलं नाही, फक्त खालचे बर्थ हवेत का ते विचारलं. त्याच्याशी माझं लगेच जमलं.

मोठ्या देशाला जायचं तर काय बघायचं यापेक्षा काय बघायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. मी पेन्सिल घेऊन बसले. कामचात्का खोडलं. सेंट पीटर्सबर्ग खोडलं. तेव्हा हात जरा थांबला, हर्मिटाजची चित्रं राहिली ना! आणि शेवटी व्लादिवोस्तोकही खोडलं. आठवडाभर सलग गाडीत बसणं या गुडघ्यांना झेपणार नाही. मॉस्को ते इर्कुत्स्क साडेतीन दिवस. तिथे चार मुक्काम, त्यातले दोन लिस्तव्यांकाला, अगदी सरोवराच्या काठी. मग दिवसाच्या गाडीने बैकलच्या काठाकाठाने उलान-उदे आणि तिथून विमानाने मॉस्कोला परत. मॉस्कोपासून उलान-उदे होतात साधारण ५,६४० किलोमीटर. ९,२८८ पैकी ५,६४० म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अण्णांनी तेवढ्यावर पास केलं असतं.

महिना जूनचा. बैकलवरचा बर्फ पुरता जायला मे उजाडतो. या सरोवराची सर्वांत जास्त खोली १,६४२ मीटर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अख्खं कळसूबाई त्यात बुडवलं तर फक्त चार मीटर वर राहील, देवीच्या देवळापुरतं! लांबी ६३६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कोकण किनाऱ्याएवढी. पृथ्वीवर न गोठलेलं जेवढं गोडं पाणी जमिनीवर आहे, त्याचा पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे. तीनशेहून जास्त नद्या त्यात येऊन मिळतात आणि बाहेर पडते ती एकटी अंगारा. हे सगळं मी बत्तीस वर्षं शिकवलं. बुडवायला कळसूबाई मात्र आत्ताच सुचलं. वर्गात सुचलं असतं तर मुलांच्या लक्षात राहिलं असतं.

व्हिसाचं काम वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. २०२३ पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज घरबसल्या करता येतो. आधी त्यावर १६ दिवस राहता येत असे, २०२५ मध्ये ते ३० केले. पैशांचं मात्र चिरंजीव म्हणतात ते खरं आहे. २०२२ च्या मार्चपासून व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम बंद केलं, त्यामुळे आपलं कार्ड तिथे चालत नाही. रोख न्यायची आणि तिथे रुबल करून घ्यायचे. आम्हाला त्यात नवीन काही नाही. आयुष्यभर प्रवासाचे पैसे पोलक्याच्या आतल्या खिशात ठेवूनच गेलो आहोत. आतला खिसा शिवायला टाकला आहे.

नात मला रशियन अक्षरं शिकवते आहे. तेहेतीस आहेत. त्यातली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि दगा देतात. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं तो 'र', 'एच'सारखं दिसतो तो 'न', 'सी'सारखं दिसतं तो 'स'. हॉटेलावरची पाटी मी 'पेक्टोपाह' अशी वाचली, निघालं 'रेस्तोरान'. नात पोट धरधरून हसली. चहाला मात्र ते 'चाय'च म्हणतात. गाडीच्या प्रत्येक डब्यात गरम पाण्याचा बंब असतो, रात्रंदिवस. म्हणजे उपम्याच्या पिठाची आणि भडंगाची सोय झाली.

आता युद्धाचं. ते मी टाळणार नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीपासून रशियाने युक्रेनवर चालवलेलं युद्ध मी रोज पेपरात वाचते. उद्ध्वस्त झालेल्या शाळांचे फोटो बघून मला जेवण गेलं नाही असे दिवस गेले आहेत. तरीही मी तिथे सहलीला जाणार? चिरंजीवांनी माझ्या जिवाची काळजी केली, ती समजते. पण हा प्रश्न त्याने विचारला नाही, तो माझा मलाच पडला. मध्यंतरी 'चुक आणि गेक'च्या गैदारबद्दल शोधत होते. तो १९४१ मध्ये जर्मनांशी लढताना मारला गेला. कुठे? युक्रेनमध्ये. नीपर नदीकाठच्या कानिव गावात त्याला पुरलेलं आहे. ज्याच्या गोष्टीतून मी सायबेरियाची वाट ऐकली, तो माणूस युक्रेनच्या मातीत आहे. हे वाचलं त्या दिवशी मी ॲटलास मिटून ठेवला होता. आठ दिवस उघडला नाही.

मग उघडला. माझ्याकडे याचं चोख उत्तर आहे असं म्हणणार नाही. सरकारं आणि माणसं वेगळी असतात, हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही, कारण सरकारच्या हुकुमावर बंदूक माणसंच उचलतात. मी एवढंच ठरवलं आहे की, तिथे कोणी विचारलं तर 'मला राजकारणातलं कळत नाही' असं म्हणायचं नाही. शिक्षिकेने तसं म्हणू नये. आणि आपल्या सरकारने जाऊ नका म्हटलं, किंवा विमानं बंद झाली, तर मुकाट्याने घरी बसायचं. तिकिटं रद्द करता येतील अशीच घ्यायला सांगितली आहेत.

बरोबर कोण, हे सांगायचं राहिलंच. माझी धाकटी बहीण. कोल्हापूरला असते, अडुसष्ट वर्षांची. तिला विचारलं तेव्हा वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "ताई, मला बैकल-बिकल काही नको. साडेतीन दिवस गाडीत बसून नुसत्या गप्पा मारायला मिळणार ना? मग मी येते." लग्न झाल्यापासून आम्ही दोघी सलग साडेतीन दिवस एकत्र राहिलेलो नाही. हे मी मोजून बघितलं आणि खरं निघालं.

मॉस्कोत आमचं पहिलं काम अण्णाभाऊंना भेटणं. तिथल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा पुतळा बसवला आहे. बहीण म्हणते, जिल्ह्यातलं माणूस आहे, रिकाम्या हाताने कसं जायचं? ती हार कुठे मिळेल याच्या विवंचनेत आहे.

आणखी एक गोष्ट या तयारीत कळली, ती लिहून थांबते.

रशियन नावं आपल्यासारखीच तीन भागांची असतात. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. लेव निकोलायेविच तोलस्तोय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. बाईच्या नावात वडिलांच्या नावाला 'ओव्‍ना' किंवा 'येव्‍ना' लागतं. पण आपल्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे. तिथे लग्न झालं तरी बाईचं मधलं नाव बदलत नाही. आडनाव नवऱ्याचं घेतलं तरी मधे वडील राहतात ते कायमचे. आणि मानाने हाक मारायची ती पहिलं आणि मधलं नाव जोडून. शाळेतली मुलंही बाईंना तशीच हाक मारतात. म्हणजे मी तिथे शिक्षिका असते, तर बत्तीस वर्षं रोज वर्गात अण्णांचं नाव ऐकू आलं असतं.

माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिलं, तेव्हा अण्णा शेजारी उभे होते. रशियाच्या हद्दीवर चीनची गाडी आली की डबा वर उचलतात आणि खालची बोगी बदलतात, हे आम्हाला त्यांनीच सांगितलेलं होतं. लोक डब्यालाच बोगी म्हणतात, याचा त्यांना फार राग. बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. त्या दिवशी ते माझ्या कानाशी म्हणाले, "गेज बदललं, बोगी बदलली. डबा तोच आहे, लक्षात ठेव." मी तेव्हा हसले होते.

माझ्या पासपोर्टवर मधलं नाव यांचं आहे. म्हणजे रशियात यांनाच माझे वडील समजणार! हे असते तर महिनाभर त्यावरून बोलले असते. नातीने मात्र आपल्या परीने तोडगा काढला आहे. ती मला हल्ली 'अण्णोव्‍ना आजी' म्हणते. व्याकरणाच्या दृष्टीने चूक आहे. मी दुरुस्त केलेलं नाही.

बाळा, तू हे वाचशील तेव्हा 'माझ्या गोवरामुळे आईचं राहिलं' असं मनात आणू नकोस. तू तापाने फणफणलेला असताना मला लेनिनग्राडला जायचंच नव्हतं. तो निर्णय माझा होता आणि आजही मी तोच घेईन. चुकलं ते एवढंच की अण्णांना वेळेवर कळवलं नाही. त्यांची डायरी तेव्हा मागून घेतली नाही. तेवढं आता करायचं आहे.

गेल्या आठवड्यात डायरी पुन्हा चाळताना ओम्स्क स्टेशनापुढचा शेरा नीट वाचला. शाई पसरली होती, म्हणून भिंग लावलं. 'इर्तिश नदी. यानंतर सुमारे तासाभराने मिरज सरळ दक्षिणेस.' मी ॲटलास काढून ताडून बघितलं. ओम्स्क ७३ अंशांच्या थोडं पुढे, मिरज साडेचौऱ्याहत्तरच्या पुढे. बरोबर आहे. गाडी ओम्स्क सोडून पूर्वेकडे निघाली की तासाभरात मिरजेचं रेखावृत्त ओलांडते. मॉस्कोचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, इर्कुत्स्कचं बरोबर अडीच तास पुढे, आणि मधे ओम्स्कला फक्त अर्ध्या तासाचा फरक. मी आयुष्यभर रेखावृत्तं शिकवली आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. मालधक्क्यावरच्या क्लार्कला दिसलं.

एजंटला फोन करून विचारलं, तिथल्या डब्यात दोन्ही बाजूंना खिडक्या असतात का? तो म्हणाला, "एका बाजूला कूपे, दुसऱ्या बाजूला बोळ. बोळालाही खिडक्या आहेत. का हो मॅडम?"

म्हटलं, बैकल डावीकडे आहे आणि मिरज उजवीकडे. दोन्ही बघायचंय.

एकाच्या वेळी बोळात उभं राहावं लागेल. पंधरा मिनिटं उभं राहायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे.